बुधवारचं व्याख्यान कुणाला विचारून बंद केलंत? अभियंत्यांच्या क्लबच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या फोर्टातल्या क्लबच्या जिन्यातल्या फलकावर गेल्या आठवड्यात एक कागद लागला. दर बुधवारी दुपारी सव्वा ते दोन होणारं व्याख्यान पुढच्या महिन्यापासून बंद. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) एका हॉटेलात संध्याकाळी चर्चासत्र, प्रायोजकांच्या सहकार्याने, नोंदणी शुल्क भरून. त्याखाली कारणांच्या चार ओळी, मग चर्चासत्रासाठी 'मार्गदर्शक सूचना', आणि अगदी तळाला ठळक अक्षरांत: सभागृहात डबे आणू नयेत.

कागद वाचून मी आधी सचिवांना भेटले. त्यांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण ठराव झालाय." कार्यकारिणीतल्या आणखी दोघांना फोन केले. एकांनी ठराव नीट वाचलाच नव्हता. दुसऱ्यांनी सांगितलं, वार्षिक सभेत मुद्दा मांडा. वार्षिक सभेला अजून कितीतरी महिने आहेत आणि कुलूप पुढच्या महिन्यात लागणार आहे. म्हणून उघड लिहिते आहे. शिवाय बुधवारी जी मंडळी यायची त्यांतली निम्मी आपली सभासदच नाहीत. कंत्राटदारांचे सुपरवायझर, डिप्लोमाची मुलं, ड्राफ्ट्समन, महापालिकेतले आणि रेल्वेतले कनिष्ठ अभियंते. त्यांना सभेत हात वर करायचा अधिकार नाही. निदान काय चाललंय हे तरी त्यांना कळावं.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुलांची कामं करते. नोकरीला लागले तेव्हा आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी सांगितलं होतं, "बुधवारी दुपारी फोर्टात जाऊन बस. डबा तिकडेच खा. साहेबांना मी सांगतो." सभागृहात बायका म्हणजे मी आणि टेबलाशी नोंदवही सांभाळणाऱ्या बाई. पण कुणी 'तुम्ही कोण' असं विचारलं नाही. एका काकांनी बॅग उचलून खुर्ची मोकळी करून दिली, एवढंच.

त्या दिवसांतलं एक व्याख्यान पुलाच्या बेअरिंगवर होतं, म्हणजे पुलाचा गर्डर (आडवी तुळई) खांबावर ज्या आधारावर टेकतो त्यावर. बोलणारे गृहस्थ रेल्वेच्या पूल विभागातून निवृत्त झालेले. स्लाइड नाही, काही नाही. कापडी पिशवीतून त्यांनी मधोमध कापलेलं एक रबरी बेअरिंग काढलं. आत रबराचे थर आणि पातळ पोलादी पत्रे, एकाआड एक. ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हातोहात फिरलं. लोणच्याचे हात रुमालाला पुसून लोक ते हातात घेत होते. मग फळ्यावर हिशोब: ३० मीटरचा पोलादी गर्डर, तापमानात २० अंशांचा फरक, लांबी सुमारे ७ मिलिमीटरने बदलते. "या सात मिलिमीटरला जागा दिली नाहीत तर तो ती स्वतः करून घेतो," गृहस्थ म्हणाले. पुढे पॉट बेअरिंगकडे, म्हणजे पोलादी भांड्यात रबर बसवलेल्या बेअरिंगकडे, वळले. ते कारखान्यातून येतं तेव्हा वाटेत हलू नये म्हणून त्याला क्लॅम्प लावलेले असतात. बसवून झालं की ते काढायचे. न काढता तसेच राहिलेले त्यांनी स्वतः पाहिले होते. "ड्रॉइंगवर टीप असते. पण टीप वाचायला पिअरवर कोण चढतो?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साइटवर शिडी लावून पिअर कॅपवर, म्हणजे पुलाच्या खांबाच्या माथ्यावर, चढले. क्लॅम्प जागेवर होते. वरून रंगाचा हातसुद्धा मारलेला. कंत्राटदाराच्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "ते बेअरिंगचाच भाग आहे ना, ताई?" त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातात ड्रॉइंग इंग्रजीत पडत होतं आणि त्या टिपेचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. क्लॅम्प काढले. पुढच्या बुधवारी तो माझ्याबरोबर फोर्टात आला, आणि नंतर माझ्याशिवायही येत राहिला. आज तो स्वतः छोटी कंत्राटं घेतो. तुमच्या नव्या चर्चासत्राचं नोंदणी शुल्क त्याला परवडेलही, पण आमंत्रण त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

आता तुमची कारणं.

'उपस्थिती रोडावली' हे पहिलं. हा आकडा कुठून काढला, ते मी सचिवांना विचारलं. टेबलावरच्या सभासदांच्या नोंदवहीवरून. पाहुण्यांच्या सह्या त्या वहीत नसतातच. त्या खाली दरवाज्याशी, वॉचमन काकांच्या लांबोडक्या वहीत असतात. ती वही कार्यकारिणीतल्या कुणी उघडून पाहिली का? मी पाहिली. नावापुढे 'कुठून आलात' असा रकाना आहे, त्यात लोकांनी काय काय लिहिलंय: सीएसटी पूल साइट, जी-साउथ वॉर्ड, कॉलेज, 'पंपावरून'. कोविडनंतर सभासदांची संख्या घटली हे मला मान्य आहे. पण त्याचबरोबर हेही मान्य करा की पूर्वी शनिवारी विषय कळायचा, आता मंगळवारी रात्री कळतो. प्रोजेक्टर बिघडून पडला तो पावसाळाभर तसाच होता. आणि व्हॉट्सअॅप गटावर फक्त अॅडमिननी लिहायचं, असं ठरल्यापासून 'उद्या कोण बोलणार आहे हो?' एवढं विचारायचीही सोय उरली नाही. आधी माणसं येऊ नयेत अशी व्यवस्था करायची आणि मग माणसं येत नाहीत म्हणायचं, हे काही बरोबर नाही.

दुसरं कारण, 'कार्यालये फोर्टमधून बाहेर गेली.' काही गेली. एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे, सल्लागार कंपन्या पवई-ठाण्याला आहेत. पण महापालिकेचं मुख्यालय, सीएसएमटीला मध्य रेल्वे, चर्चगेटला पश्चिम रेल्वे, बॅलार्ड इस्टेटला बंदर प्राधिकरण, कुलाब्याला बेस्ट हे सगळं जिथल्या तिथे आहे. या शहराचं पाणी, रूळ, गोदी आणि बस सांभाळणारे अभियंते एका जेवणाच्या सुट्टीत चालत किंवा दोन स्टॉपच्या बसने जिथे जमू शकतात, अशी दुसरी जागा मुंबईत नाही. आणि बीकेसीवाल्यांसाठी म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. हुतात्मा चौकात उतरलं की क्लब समोर. तरीही बीकेसीतून जेवणाच्या सुट्टीत येऊन परत जाणं अवघड आहे, हे मी नाकारत नाही. मग महिन्यातला एक बुधवार तिकडे करा. चारातले चारही बंद कशाला?

संध्याकाळची वेळ कुणाच्या सोयीची, हाही प्रश्न विचारून बघा. साडेसहाचं चर्चासत्र म्हणजे प्रत्यक्षात सात. संपायला नऊ, मग जेवण. त्यानंतर बीकेसीतून रिक्षा मिळवून कुर्ला किंवा वांद्रे गाठायचं आणि बदलापूर नाहीतर विरार. ज्यांना कंपनीची गाडी आहे त्यांची गोष्ट वेगळी. घरी लहान मूल असलेल्या बाईला तर हे जमणारच नाही, आणि आता सभागृहात मी एकटी नसते, तरुण मुली बऱ्याच येतात. रेल्वेची पोरं रात्रीच्या ब्लॉकवर असतात. त्यांना दुपारच मोकळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाक पूल पाडायला मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला. दीडशे वर्षांहून जुना पूल, खाली शहराची नस चाललेली. त्या कामावर राबलेला एक कनिष्ठ अभियंता नंतर एका बुधवारी आपल्याकडे बोलला होता. क्रेन कुठे उभ्या करायच्या, ओव्हरहेड वायर कधी आणि कोणी बंद करायची, सगळं. त्याला तुम्ही हॉटेलात बोलावलंत तर तो साहेबांची परवानगी मागेल, साहेब स्वतःच येईन म्हणतील, आणि आपल्याला साहेबांचं भाषण ऐकावं लागेल.

डब्याबद्दल फार लिहायला नको. नवा गालिचा महाग आहे, कळतं. गालिचा गुंडाळून ठेवा. ज्या शहरात रोज लाखाच्या घरात डबे लोकलने माणसापर्यंत पोचतात, तिथे अभियंत्यांच्या क्लबात भाजीचा वास येतो म्हणून ज्ञान बंद, हे बाहेर सांगायलाही लाज वाटते.

प्रायोजक हा मुद्दा मात्र सोपा नाही. क्लबला पैसा लागतो. इमारत जुनी आहे, गच्ची गळते, लिफ्टचा खर्च डोक्यावर आहे. पण गेल्या वर्षी तुम्ही प्रयोग म्हणून एक प्रायोजित संध्याकाळ केली होती, ती आठवा. वॉटरप्रूफिंगचं रसायन बनवणारी कंपनी. प्रत्येकाच्या खुर्चीवर पिशवी, पिशवीत पेन आणि माहितीपत्रक. पाऊण तास त्यांच्या मेंब्रेनची (पाणी अडवणाऱ्या थराची) थोरवी. शेवटी एका मुलीने विचारलं, "समुद्रालगतच्या इमारतीवर हे लावून पाच वर्षं झाली असतील अशी एखादी गच्ची तुम्ही उकलून पाहिली आहे का?" उत्तर आलं, "आमच्या टेक्निकल टीमशी बोला." आणि लगेच आभारप्रदर्शन. बुधवारच्या फळ्यासमोर असं उत्तर देऊन कुणी सुटला नसता. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंच असतं, "मग टीमला घेऊन पुढच्या बुधवारी या."

ऐकिवात असंही आहे की दुपारचं सभागृह एका प्रशिक्षण संस्थेला भाड्याने द्यायचं ठरतंय. खोटं असेल तर तसं कळवा, मी आनंदाने मागे घेईन. खरं असेल तर भाडं किती, मुदत किती, हे सभासदांपुढे ठेवा. आठवड्यातला एक पाऊण तास त्यातून वगळता येणार नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

इथवरच्या सगळ्या गोष्टींवर तडजोड होऊ शकते. पुढच्या एका गोष्टीवर नाही.

'मार्गदर्शक सूचनां'मध्ये तिसऱ्या क्रमांकावर लिहिलं आहे: चालू प्रकल्प, दुर्घटना आणि वादग्रस्त बाबींवर वक्त्यांनी भाष्य टाळावे. निविदेतल्या गोष्टी टाळा, न्यायालयात असलेलं टाळा, कुणाचं नाव घेऊ नका, इथपर्यंत मी तुमच्या बाजूची आहे. पण दुर्घटनेवर बोलायचंच नाही? मग बुधवार होता कशासाठी?

२६ जुलै २००५ हा मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दुसऱ्या दिवशीचं व्याख्यान अर्थातच झालं नाही. आपले निम्मे सभासद तेव्हा रुळांतून चालत घर गाठत होते. पण पुढचे कित्येक बुधवार दुसरा विषय नव्हता. या पुराची चौकशी करणाऱ्या चितळे समितीचा अहवाल यायला अवकाश होता आणि वर्तमानपत्रांत रोज नवा दोषी सापडत होता. पर्जन्यवाहिन्यांच्या कामात आयुष्य गेलेले एक जण फळ्यासमोर उभे राहिले. त्यांनी समुद्राच्या पाण्याच्या तीन रेघा मारल्या: ओहोटी, सरासरी पातळी, भरती. मग गटाराचं तोंड काढलं, आणि ते भरतीच्या रेघेच्या खाली होतं. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या, तेही ओहोटी धरून. क्षमता दुप्पट, म्हणजे तासाला ५० मिलिमीटर करा, असं मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितलेलं. भरती साडेचार मीटरवर गेली की गटाराच्या तोंडावरचा दरवाजा बंद करावा लागतो, नाहीतर समुद्रच गटारातून वर येतो. आणि दरवाजा बंद केला की आतलं पाणी पंपाशिवाय बाहेर जायला वाट नाही.

तेव्हा मागे उभा असलेला एक माणूस, बहुधा कुठल्याशा उपकंत्राटदाराकडचा, म्हणाला, "साहेब, दरवाजा कधी लावायचा ते कोण ठरवतं? आणि त्याला फोन लागला नाही तर?"

सभागृहात कुणालाच उत्तर देता येईना. महापालिकेतले दोघे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. पाऊस आणि भरती एकत्र आल्यावर त्या दरवाज्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला काय अधिकार आहेत, याची चर्चा त्या दुपारी अडीचपर्यंत चालली. डबे तसेच उघडे राहिले. आज हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे उदंचन (पाणी उपसणारी) केंद्रं आहेत. ती आपल्या व्याख्यानामुळे झाली असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण तो प्रश्न विचारणारा माणूस हॉटेलातल्या चर्चासत्रात नसतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

१४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. क्लबपासून चालत जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. माणसं गेली. पुलांची तपासणी त्याआधी झालेली होती आणि हा पूल धोकादायक ठरला नव्हता. पुढच्या बुधवारी जिन्यापर्यंत गर्दी होती. कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. तपासणी करणारा माणूस पुलाखाली किती वेळ उभा राहतो, रंगाच्या आणि गिलाव्याच्या आड गंज कसा लपतो, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तो अहवालात कुठल्या शब्दांत लिहायचा, आणि 'किरकोळ दुरुस्तीची गरज' या वाक्याआड आपण सगळेच किती वेळा लपतो, यावर बोलणं झालं. त्यानंतर माझ्या कार्यालयाने तपासणीच्या अहवालाचा नमुना बदलला. 'पाहता आले नाही' असा रकाना त्यात पहिल्यांदा आला. एखादा भाग पाहिलाच नसेल तर तसं लिहायचं, ठीक आहे म्हणायचं नाही.

या शहरात अपघात एका खात्याच्या आत सहसा घडत नाही, दोन खात्यांच्या मधे घडतो. ठाण्यात कुणीतरी बोअरवेल खोदतं आणि खाली मुंबईला पाणी आणणाऱ्या भूमिगत बोगद्याला भोक पडतं. मग ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईकर १५ टक्के पाणीकपात सोसतात. अंधेरीचा गोखले पूल रेल्वेवर नव्या उंचीने बांधला जातो आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल जुन्याच उंचीवर राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली बाजू खुली झाली तेव्हा मधल्या फटीचे फोटो पाहून सगळी मुंबई हसली. शेवटी बर्फीवालाच्या स्लॅबना जॅक लावून वर उचलावं लागलं, एका बाजूला १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ६५०. ते उचलण्याचं काम कौतुकाचं होतं, व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेच्या लोकांनी त्यात डोकं घातलं होतं, आणि आपण त्यावर एक उत्तम बुधवार केला. पण ही फट निर्माण झाली तेव्हा दोन्हीकडचे अभियंते एका बाकावर बसून जेवत नव्हते. मुंबईत महापालिका, एमएमआरडीए, दोन रेल्वे, मेट्रो, रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम, बंदर, वीज कंपन्या, प्रत्येकाचं कुंपण वेगळं. बैठका होतात, इतिवृत्तं लिहिली जातात. पण 'अरे, तुमची ती पाइप आमच्या पायाच्या पाइल कॅपमधून जातेय, पाहिलंस का?' हे इतिवृत्तात येत नाही. ते डब्यातली चटणी पुढे सरकवताना येतं.

आणि शेवटचं उदाहरण, ज्यावर आपण बोललोच नाही. २६ मे २०२५ ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडची भिंत पाण्याच्या लोंढ्यापुढे टिकली नाही. अर्धं बांधून झालेलं आणि अर्धं वापरात असलेलं काम पावसात कसं सांभाळायचं, याहून मोठा विषय आजच्या मुंबईत नाही. अर्ध्या शहरात हीच परिस्थिती आहे. मी हा विषय लेखी सुचवला होता. उत्तर तोंडी आलं: 'वाद नको.' वाद कुणाला हवाय? पुढच्या मे महिन्यात ज्याच्या साइटवर तसाच तात्पुरता बांध असेल, त्या पोराला तो बांध किती उंच आणि कशाचा करायचा, एवढं कळायला हवंय. ब्रिटनमध्ये बांधकामातल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात नाव न घेता कळवायची रीतसर व्यवस्था आहे. आपल्याकडे तशी व्यवस्था नव्हती, बुधवार होता.

एक छोटी गोष्ट राहिली. माळ्यावर व्याख्यानांच्या जुन्या कॅसेट आहेत, हाताने काढलेल्या आलेखांच्या गुंडाळ्या आहेत. वैतरणा नदीवरच्या धरणाच्या कामावर तरुणपणी राबलेल्या एका अभियंत्याचं बोलणं त्यात आहे. कॅसेटवर पेन्सिलीने 'मोडक साहेबांच्या आठवणी' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. जूनमध्ये तलावांची पातळी वाचताना सगळे मुंबईकर 'मोडक सागर' म्हणतात. हे मोडक म्हणजे महापालिकेचे शहर अभियंता नानासाहेब मोडक, हे किती जणांना माहीत असेल? दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, आपण विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्याच खोलीच्या डोक्यावर या कॅसेटना बुरशी येते. गच्ची गळतेय हे वर लिहिलंच आहे.

माझ्या, आणि ज्यांनी माझ्याशी बोलून होकार दिला त्या सभासदांच्या, मागण्या अशा:

१. व्याख्यान बंद करण्याचा ठराव विशेष सर्वसाधारण सभा होईपर्यंत अमलात आणू नये. घटनेप्रमाणे अशी सभा बोलावण्यासाठी लागणाऱ्या सह्या आम्ही जमवत आहोत.

२. दर बुधवारी दुपारी सव्वाची वेळ कायम ठेवावी. महिन्यातला एक बुधवार बीकेसीत किंवा ठाण्यात घ्यायला हरकत नाही. संध्याकाळची चर्चासत्रं हवी तर जरूर करा, पण बुधवारच्या बदल्यात नकोत.

३. पाहुण्यांना प्रवेश मोफत आणि विनाशिफारस राहावा. दोन्ही वह्यांतल्या सह्या धरून उपस्थिती दर तिमाहीला फलकावर लावावी.

४. सूचना क्रमांक तीन रद्द करावी. तिच्या जागी एवढंच लिहावं: नाव घेऊ नये, निविदा आणि न्यायप्रविष्ट बाबी टाळाव्यात, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नये.

५. व्याख्याता आणि विषय ठरवायला पाच जणांची समिती असावी, त्यातले दोघे पस्तिशीच्या आतले. प्रायोजकाचा माणूस बोलणार असेल तर प्रश्नांना किमान तेवढाच वेळ मिळावा जेवढा त्याला बोलायला मिळाला.

६. माळ्यावरचं साहित्य पावसाळ्यापूर्वी खाली काढावं. कॅसेट संगणकावर घेण्याचा खर्च उचलायला आम्ही काही जण तयार आहोत. नंतर त्याची एक प्रत एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी.

७. डब्यांबाबतची ओळ फलकावरून आजच काढावी.

मराठी-हिंदी-इंग्रजीच्या सरमिसळीबद्दल सूचनांमध्ये 'व्यावसायिक भाषा' वापरावी असं काहीसं आहे. त्यावर मागणी करत नाही. ज्याला जी भाषा येते तीत तो प्रश्न विचारणारच आहे.

तुमच्यातल्या बहुतेकांना मी वर्षानुवर्षं ओळखते. अध्यक्ष महोदय, तुम्ही स्वतः याच फळ्यासमोर पाइल इंटिग्रिटी चाचणीवर, म्हणजे पायाच्या खांबांत दोष आहे का ते तपासण्यावर, बोलला होतात आणि एका डिप्लोमाच्या मुलाने तुमच्या आलेखातली खोट दाखवली तेव्हा खडू त्याच्या हातात दिला होतात. त्या मुलाला आज तुम्ही शुल्क लावता आहात, एवढंच मला कळत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारचा व्याख्याता फलकावरच्या कागदाआधीच ठरला होता. विषय: वाहतूक न थांबवता पुलाचा एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठी ठेवलेला सांधा) बदलणं. त्यांनी रात्रीची पाळी बदलून घेतली आहे आणि कापलेला जॉइंट टेम्पोत घालून आणणार आहेत. तो जड आहे, लिफ्ट चालू लागेल. सभागृहाची किल्ली मिळणार की नाही, ते कृपया आधीच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवावं. नाही मिळाली तर मागच्या गल्लीत एका सभासदाच्या कार्यालयातली बैठकीची खोली आम्ही बोलून ठेवली आहे. वॉचमन काकांना तसं सांगितलं आहे. येणाऱ्यांना ते तिकडे पाठवतील.

आपली,
एक आजीव सभासद
स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुलुंड